मोहाच्या वेळची शाळा

सकाळची शाळा म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. बाकीच्या महाराष्ट्रात हे शब्द ऐकून लोकांना बरं वाटतं. उन्हाळा लागला, सरकारला लेकरांची दया आली, शाळा सातला भरणार आणि ऊन तापायच्या आत सुटणार. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. लहानपणी पोंभुर्ण्याला मीसुद्धा सकाळच्या शाळेची वाट पाहायचे. पण हा हुकूम ज्यांनी काढला त्यांनी मोहाचं झाड पाहिलं नसावं, आणि पाहिलं असेल तर दुपारी, गाडीच्या काचेतून पाहिलं असेल.

मोह पडतो तो पहाटे. ऊन चढेपर्यंत फुलं टपटप पडत राहतात, मग थांबतात. पडलेलं फूल लगेच वेचलं नाही तर गुरं खातात, डुकरं खातात, कधी अस्वलही येतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, आणि त्या दिवसांत हातापायाने धड असलेलं कोणीही सकाळी गावात सापडत नाही. म्हातारी माणसं झाडाखाली, तान्ही लेकरं झाडाखाली. शाळेतली लेकरंही तिथंच.

माझी नेमणूक झाली ते गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात. मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, मध्ये एक नाला. वस्ती सगळी गोंडांची, आपले देव आणि आपली रीत धरून असलेली. पहिली ते चौथीची शाळा, वीसेक लेकरं आणि शिकवायला मी एकटी. मी रस्त्यावरच्या गावात खोली केली होती आणि स्कूटीने जाऊन येऊन करायचे.

पहिल्याच वर्षी सकाळची शाळा लागली आणि मी साडेसहाला जाऊन घंटा दिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तशीच तणतणत जंगलात शिरले. माझा स्वभाव तापट आहे, आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही. पहिल्या झाडाखाली जी बाई दिसली तिच्यावरच मी तोंड सोडलं. लेकरांना शिकवायचं नाही का, जन्मभर फुलंच वेचायची आहेत का, असं काय काय बोलले. ती खाली वाकून वेचत होती. वेचता वेचताच म्हणाली,

"बाई, तुमी बसा. ओरडून राह्यल्या तं मोह काई थांबत नाई. बसा, पानी प्या."

मी बसले. तिची चौथीतली मुलगी टोपली भरत होती. धाकटी, जेमतेम चालायला लागलेली, ओंजळीत एक एक फूल घेऊन आईच्या टोपलीत टाकत होती आणि दर फुलाला आईकडे बघून हसत होती. अर्ध्या तासाने माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मीही वेचायला लागले. हात चिकट झाले, पाठ भरून आली, आणि स्कूटीवर परत येताना विचार केला की ही माणसं चुकत नाहीत. मग चुकतंय कोण?

हा प्रश्न मला सोपा नव्हता. त्याचं कारण आमच्या घरात आहे. माझे आजोबा लहान असताना त्यांच्या गावात शाळा होती, पण त्यांना बसायची जागा व्हरांड्याच्या बाहेर, पावसात भिजायची. हे ठरवलं होतं कोणी, तर गावानेच. पुढे छप्पन्नच्या दीक्षेत आजोबा बुद्धाला शरण गेले, आणि बाबांना वर्गाच्या आत बसायला मिळालं ते गावाच्या मनाने नव्हे, कायद्याने. बाबा नेहमी म्हणायचे, "गावावर सोडलं असतं तं तू आज गोवऱ्या थापून राह्यली असती. सरकारची शाळा म्हंजे आपली शाळा, हे ध्यानात ठेव." मी तेच ध्यानात ठेवून नोकरीला लागले. गावाने शाळेत नाक खुपसावं हे मला मुळात पटायचं नाही. वरून जे येतं ते सगळ्यांना सारखं असतं, आणि सारखं असतं म्हणून आपल्यासारख्यांना त्याचा आधार असतो, असं मी मानायचे. अगदी मनापासून मानायचे.

त्यावर्षी आमचे केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. दहाबारा शाळांवर देखरेख करणारा हा साहेब आमच्याच भागातला, झाडीपट्टीतला. चेहरा हसरा, पाय जमिनीवर. मी रिकाम्या वर्गात बसून त्यांना सगळं सांगितलं. ते खो खो हसले.

"अहो बाई, मी सोता मोह येचून शिकलो. माही माय मले झाडाखालीच पाढे म्हनाले लावे. ह्या दिवसांत सकाडी शाळा भरवनं म्हंजे रिकाम्या खोलीले शिकवनं."

"मग करू काय?"

"दुपारी भरवा. गोटुलात."

गोटुल म्हणजे गावाचं बसण्याउठण्याचं घर. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आजूबाजूला झाडं. आमच्या शाळेचा पत्रा दुपारी नुसता पेटायचा, पण गोटुलात बाराच्या उन्हातही घाम येत नव्हता. मोह वेचून, जेवून, लेकरं तिथे येतील आणि शाळा सकाळच्याइतकेच तास भरेल. इतकी साधी गोष्ट.

ग्रामसभा बसली, तिला साहेबही थांबले. त्या गावात हात वर करून मोजत नाहीत. एकही माणूस नको म्हणत असेल तर बोलणं पुन्हा सुरू होतं, आणि सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. मला वाटलं होतं घटकाभराचं काम आहे. दुपार गेली, संध्याकाळ होत आली. एका म्हाताऱ्याचं म्हणणं होतं, की गोटुल मोठ्यांचं, त्यात लेकरांचा गोंधळ नको. त्याला समजवता समजवता सगळ्यांचे चहा तीनदा झाले. शेवटी तोच म्हणाला, मीही येऊन बसतो, पाहतो काय शिकवता. आणि मग सगळं गाव हो म्हणालं.

मी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, एक लेखी परवानगी द्या. सरकारवर विसंबून वाढलेली पोर मी, कागदाशिवाय मला झोप येत नाही. साहेबांनी मान हलवली. "लेखी मागाल तं वरून नाई येईल. अन् एकदा नाई आलं की मंग माह्या हातात काई नाई. तोंडी चालू द्या. मी हाव ना."

त्या बाईने, जिच्यावर मी झाडाखाली ओरडले होते तिनेच, मला नंतर सुनावलं, "सायबाले कागद कायले मांगता बाई? त्यानं आपला पयला मोह खाल्ला हाये."

ही रीत मला तेव्हा कळली. मोह वेचायला लागण्याआधी गायता, म्हणजे गावाचा पुजारी, झाडाची पूजा करतो. पहिली फुलं गाव मिळून खातं. त्या घासाला जो कोणी बसला तो गावाचा झाला. मग त्याच्याकडून शब्द लिहून घेणं म्हणजे घरच्या माणसाकडून जेवणाची पावती मागणं. साहेब त्यावर्षी पूजेला योगायोगाने हजर होते आणि पहिल्या घासाला बसले होते. गावाच्या हिशेबी तेवढं पुरे होतं.

मग पाचसहा वर्षं अशी गेली की आठवली तरी आता त्रास होतो. मोह लागला की शाळा दुपारी गोटुलात भरायची. तो म्हातारा खरंच रोज यायचा, भिंतीला टेकून ऐकायचा आणि कधी कधी लेकरांबरोबर पाढे म्हणायचा. ती बाई शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली. तिची थोरली चौथीनंतर दूरच्या आश्रमशाळेत गेली होती. तिथे करमलं नाही, आजारी पडली, परत आली ती पुन्हा गेलीच नाही. म्हणून धाकटीवर बाईचा जीव. "हे शिकली पायजे बाई. इथी शिकली पायजे, माह्या डोळ्यासमोर," ती म्हणायची. मी म्हणायचे, शिकेल. मी आहे ना.

धाकटी पहिलीत आली तेव्हा इतर लेकरांसारखीच मुकी होती. घरी गोंडी, शाळेत मराठी. काही विचारलं की मान खाली, डोळे जमिनीत. म्हणून मी सगळ्यांना पुस्तकाआधी एक वाक्य शिकवायचे. उत्तर येत नसेल तर लाजायचं नाही, मान खाली घालायची नाही, उभं राहायचं, बाईंकडे बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मला माहीत नाही, बाई." चौघडा वाजवल्यासारखं म्हणायचं. महिनाभर वर्गात नुसतं हेच चालायचं, आणि मग हळूहळू तेच लेकरू उभं राहून माहीत असलेलंही सांगायला लागायचं. धाकटीला हे वाक्य इतकं आवडलं, की उत्तर येत असलं तरी आधी तेच म्हणायची आणि मग हसून उत्तर द्यायची.

त्या दिवसांत वरून काय काय येत होतं ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. सगळ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका, एकाच दिवशी, एकाच वेळी. एकदा त्यात सरकत्या जिन्याचा उतारा होता. मी लेकरांना सरकता जिना हातवाऱ्यांनी समजावला, तर त्यांनी विचारलं, मग पाय कशाला दिले? हजेरी मोबाईलवरून पाठवायची, तीही फोटोसकट. नेटवर्कसाठी मी शाळेमागच्या टेकाडावर चढायचे. साहेब आले की मी कुरकुर करायचे. ते हसून म्हणायचे, "धोरन दिल्लीचं, वेळापत्रक पुन्याचं, अन् शाळा तुमची." मलाही हसू यायचं. त्यात आपली थट्टा होतेय असं कधी वाटलं नाही.

दरवर्षी पहिला मोह पडला की गावातून कोणीतरी साहेबांकडे जायचं. पळसाच्या पानाच्या पुड्यात पहिली फुलं आणि सोबत निरोप, की मोह लागला, आजपासून शाळा दुपारी. ते तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी झाले तेव्हा गावाला कोण आनंद झाला! आपला माणूस वर गेला म्हणून म्हाताऱ्याने गोटुलात ढोल वाजवला. बाईने तीळ आणि मोह कुटून लाडू केले आणि मी ते डब्यात घालून त्यांच्या ऑफिसात नेऊन दिले. साहेबांनी माझ्यासमोरच एक खाल्ला आणि म्हणाले, मायची आठवन आली.

मग समूह शाळेची बोलणी सुरू झाली. कमी लेकरांच्या शाळा बंद करायच्या आणि सगळ्यांना एका मोठ्या शाळेत न्यायचं. तिथे संगणक, तिथे खेळाचं मैदान, तिथे विषयाला वेगळा शिक्षक. ऐकायला वाईट काहीच नव्हतं, आणि बाबांची मुलगी म्हणून मला त्यातलं काही पटतही होतं. पण आमच्या लेकरांसाठी ती शाळा नाल्यापलीकडे, जंगलातून लांब, पावसाळ्यात वाट बंद. बाई आणि मी साहेबांना भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमची पटसंख्या बरी हाये. रोजची हाजरी चांगली असन तं तुमच्या शाळेले कोनी हात नाई लावत. पथक येऊन पायते, लेकरं मोजते, जाते. बस."

"पथक कधी येते सायेब?" बाईने विचारलं.

"ते काई सांगून नाई येत. पन तुमी काऊन घाबरता? मी हाव ना."

परत येताना बाई बसमध्ये झोपून गेली, इतकी निर्धास्त होती. मीही होते.

त्यावर्षी मोह लवकर लागला. पूजेच्या दुसऱ्या दिवशी बाई स्वतः पुडा घेऊन तालुक्याला गेली. साहेब मीटिंगमधून बाहेर आले, पुडा घेतला, कपाळाला लावला. बाईने निरोप सांगितला, सकाळी सगळं गाव जंगलात, शाळा दुपारी. "बरं बरं," ते म्हणाले. हे तिने मला आल्यावर दोनदा सांगितलं. कपाळाला लावला, हे तर तीनदा.

त्यानंतर चारपाच दिवस गेले असतील. मी दुपारच्या शाळेसाठी नेहमीप्रमाणे ऊन चढता चढता निघाले, आणि नाला ओलांडून वर आले तर शाळेसमोर जीप. तीन माणसं उभी. त्यातला एक शाळेच्या कुलुपाचा मोबाईलवर फोटो काढत होता. आता त्या फोटोवर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटतं. साहेब जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून होते.

मला आधी आनंदच झाला, हे सांगायला लाज वाटत नाही. म्हटलं बरं झालं, आपले साहेबच सोबत आहेत, त्यांनी सगळं सांगितलं असेल. मी स्कूटी लावून हसत पुढे गेले. पथकातल्या बाहेरच्या अधिकाऱ्याने विचारलं, मॅडम, शाळा सातची, तुम्ही आत्ता येताय? मी म्हटलं, मोहाच्या दिवसांत आमची शाळा दुपारी असते, साहेबांनाच विचारा. त्याने वळून जीपकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "लेखी आदेश हाये काय, मॅडम?"

इतकी वर्षं मी त्यांची बाई होते. त्या दिवशी मॅडम झाले.

तोवर जंगलात बातमी पोचली होती. लेकरं धावत आली. कोणाच्या डोक्यावर टोपली, कोणाच्या हातात, कोणाची वाटेत सांडलेली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती शाळेसमोर ओळीत उभी राहिली, उंचीप्रमाणे, प्रार्थनेला राहतात तशी. सगळी होती, एकही कमी नव्हतं. धाकटी ओळीत पुढे, टोपली पायाशी ठेवून. मी अधिकाऱ्याला म्हटलं, मोजा ना आता, उभी आहेत समोर. तो माणूस वाईट नव्हता, अवघडला. म्हणाला, मोजणीची वेळ नोंदवून झाली, आता बदलता येत नाही, ते ॲप वरून आपोआप बंद होतं.

बाई जीपजवळ गेली. हातात कोयता नाही, काही नाही, चिकट हात लुगड्याला पुसत उभी राहिली.

"सायेब, सांगा ना यायले. तुमीच तं दुपारी भरवा म्हनले होते."

साहेब मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "माह्या हातात काई नाई, बाई. वरून आलेलं हाये."

आणि त्या बाहेरच्या अधिकाऱ्याने, बिचाऱ्याला आमच्यावर दया आली असावी म्हणून, सहज सांगून टाकलं, "आम्ही खरं तर इकडे दुपारीच येणार होतो. सरच म्हणाले की हे गाव सकाळी पहिलं घेऊ."

मला सगळं कळलं. बाईलाही कळलं. बंद करायच्या शाळांची यादी पुरी करायला त्यांना काही शाळा हव्या होत्या, आणि कोणती शाळा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी रिकामी सापडेल हे त्या जिल्ह्यात एकाच माणसाला नक्की माहीत होतं. आम्हीच त्याला सांगितलं होतं, पळसाच्या पानात फुलं बांधून. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून होते, त्या दिवशी पाहिलं.

मी खूप बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमची माय झाडाखाली पाढे म्हणायला लावायची ना, असं काहीतरी ओरडले. ते एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, नोकरी तुमाले बी हाये, मले बी हाये." जीप गेली. लेकरं अजून ओळीतच होती. मी कुलूप उघडलं, राष्ट्रगीत म्हणून घेतलं, आणि मग आम्ही गोटुलात जाऊन शाळा भरवली. दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

ग्रामसभा पुन्हा बसली. सगळं गाव हो म्हणालं तसा ठराव केला, की गावच्या शाळेची वेळ गाव ठरवेल आणि शाळा बंद करायची तर गावाला विचारावं लागेल. जंगलातल्या गावांच्या ग्रामसभेला कायद्याने अधिकार दिलेत, हे मीच त्यांना वाचून दाखवलं. तेंदूपत्ता कोणाला विकायचा ते हे गाव ठरवतं, बांबू कधी तोडायचा ते ठरवतं. मग शाळा कधी भरवायची ते का नाही? ठराव घेऊन आम्ही जिल्ह्याला गेलो. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, ग्रामसभेचा आदर आहे, समितीने शाळेवर देखरेख जरूर ठेवावी, सूचना कराव्यात, मात्र वेळापत्रक आणि पटाचा निर्णय तिच्या अखत्यारीत येत नाही. बाईने मला गोंडीतून विचारलं, काय म्हणतो? एवढ्या वर्षांत मला तेवढी गोंडी येत होती. मी म्हटलं, शाळा झाडायची तर आपली, चालवायची तर त्यांची.

त्या दिवशी परत येताना मला बाबांचा राग आला. ते आता नाहीत, त्यांच्यावर रागवून उपयोग नाही, तरी आला. सरकारची शाळा म्हणजे आपली शाळा. गावाने आजोबांना बाहेर बसवलं, हे खरं. पण या गावाने एका म्हाताऱ्याला समजवण्यासाठी अख्खी दुपार घालवली, कोणालाही बाहेर ठेवलं नाही. आणि ज्या वरच्या कायद्यावर आमच्या तीन पिढ्यांनी भिस्त ठेवली, त्याने मोजणीची वेळ संपली म्हणून समोर उभी असलेली लेकरं मोजली नाहीत. माझी फसवणूक दोन्हीकडून झाली. गावाची एकाच माणसाने केली, माझी मात्र त्याच्यासोबत, ज्यावर मी वाढले त्या विश्वासानेही केली.

जूनमध्ये शाळा उघडली नाही. समूह शाळेची गाडी काही दिवस नाल्यापर्यंत आली, पाऊस लागला तशी थांबली. मोठी मुलं पायी जात होती, लहान हळूहळू घरी राहिली. माझी बदली आलापल्लीकडे झाली. निघताना बाई धाकटीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, मी प्रयत्न सोडणार नाही. तिने मान हलवली. त्या "मी हाव ना" नंतर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असणार.

मी खरंच सोडलं नाही. अर्ज केले, लोकांना भेटले, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. काही झालं नाही. साहेबांना बढती मिळाली असं ऐकलं.

जवळजवळ दोन वर्षांनी, मोहाच्या दिवसांत, सुट्टी टाकून मी त्या गावाला गेले. मुद्दाम सकाळी गेले. शाळेच्या कुलुपाला गंज चढला होता आणि व्हरांड्यात शेळ्या बसल्या होत्या. मी जंगलाकडे वळले. झाडं मला पाठ होती. बाई आपल्या झाडाखाली होती, धाकटी शेजारी वेचत होती, चांगली उंच झाली होती.

"जोहार बाई," ती म्हणाली. तिने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. पाहुण्याला करायचं ते सगळं केलं. मी थोरलीचं विचारलं, म्हाताऱ्याचं विचारलं. ती एकेका शब्दात सांगत होती. बोलणं पुढे जाईना. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, त्या दिवसांत तिथे कोणीही कोणाला विचारतं ते,

"यंदा मोह कधी लागला?"

बाईचे हात थांबले. "काय मालूम," ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली. तिच्यापुढे दोन टोपल्या काठोकाठ भरल्या होत्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी सरकारची होते. मलाही सांगायचं नाही, हे गावाने ठरवलं असणार, गोटुलात बसून, सगळे हो म्हणेपर्यंत. मला ओरडावंसं वाटलं, की मी तो माणूस नाही, मी तुमच्या बाजूने उभी राहिले होते. पण तोही तर तसंच म्हणायचा.

मी धाकटीकडे वळले. ती माझ्याकडे बघून पहिल्यासारखी हसली, म्हणून मी तिला विचारलं, "तू सांग. पूजा कधी झाली?"

तिने आईकडे पाहिलं. मग हातातली फुलं टोपलीत टाकली, चिकट हात फ्रॉकला पुसले आणि उठून उभी राहिली. मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि मी शिकवलं होतं तसं, मोठ्याने, एकही अक्षर न चुकता म्हणाली,

"मला माहीत नाही, बाई."

मी वाट पाहत राहिले. आधी ते वाक्य म्हणायचं आणि मग हसून उत्तर द्यायचं, ही तिची सवय होती. ती खाली बसली आणि वेचायला लागली.